महास्फोट झाला तो नेमका कुठे? कृष्णविवरं आणि विश्वाची सुरुवात – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कृष्णविवरांवर छोटा लेख दिला होता आणि खाली लिहिलं होतं की प्रश्न असतील तर पाठवा, तर इतके आले की सगळे इथे मावणं शक्यच नाही. वाचताना एक गोष्ट लक्षात आली की निम्म्याहून जास्त प्रश्न फिरून फिरून दोनच ठिकाणी येतात, कृष्णविवराच्या आत काय आहे आणि महास्फोटाच्या आधी काय होतं. दोन्ही प्रश्न वेगळे वाटतात पण गणितात ते सख्खे शेजारी आहेत, कसे ते पुढे येईलच. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे आपलं पत्र जसंच्या तसं दिसलं नाही तर रागावू नका.

ताई, कृष्णविवर आजूबाजूचं सगळं ओढून घेतं म्हणतात. उद्या आपला सूर्यच कृष्णविवर झाला तर पृथ्वी आत जाईल का? रात्री हा विचार आला की झोप लागत नाही. – दहावीतली वाचक

नाही जाणार गं, अगदी निवांत झोप. समज सूर्य उचलला आणि त्याच जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं, तर पृथ्वीची कक्षा तसूभरही हलणार नाही, कारण इतक्या लांबून बघितलं तर ओढ ठरते ती फक्त वजनावर आणि अंतरावर, आणि दोन्ही आहे तेवढंच आहे. अंधार होईल, सगळं गोठेल, ते वेगळं, आणि तेही साधारण ८ मिनिटांनी कळेल कारण प्रकाशाला इथे यायला तेवढा वेळ लागतो. पण वर्ष मात्र ३६५ दिवसांचंच राहील.

मग कृष्णविवराची एवढी भीती कशाला, तर ते इतकं लहान असतं की त्याच्या अगदी जवळ जाता येतं. सूर्याची त्रिज्या जवळजवळ ७ लाख किमी आहे. तो सगळा दाबून ३ किमी त्रिज्येच्या आत कोंबला तर त्याचं कृष्णविवर होईल, आणि पृथ्वी कोंबायची तर ९ मिलिमीटर, म्हणजे खेळायच्या गोटीएवढी! भयंकर ओढ असते ती त्या ३ किमीच्या आसपास. विवर हा शब्दसुद्धा जरा फसवाच आहे म्हणा, खड्डा किंवा भोक असल्यासारखा वाटतो, असतो तो खरं तर सगळ्या बाजूंनी गोल असा एक प्रदेश.

आणि आपल्या सूर्याचं कृष्णविवर होणारच नाही. साधारण ५ अब्ज वर्षांनी तो फुगेल आणि मग त्याचा श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा लहानसा पण फार दाट गाभा, उरेल. हे ठरवणारी जी मर्यादा आहे ती सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० साली, वयाच्या १९ व्या वर्षी, भारतातून इंग्लंडला जाताना बोटीवर बसून मांडायला सुरुवात केली, श्वेतबटू सूर्याच्या साधारण १.४ पट वजनापर्यंतच तग धरतो, त्यापलीकडे नाही. १९३५ मध्ये एडिंग्टनसारख्या त्या काळच्या सगळ्यात वजनदार खगोलशास्त्रज्ञाने भर सभेत त्यांचं म्हणणं उडवून लावलं, निसर्ग ताऱ्याला असं वेडंवाकडं वागू देणारच नाही असं त्यांचं मत होतं. चंद्रशेखर बरोबर होते. नोबेल मिळालं १९८३ मध्ये, म्हणजे बोटीवरच्या त्या प्रवासानंतर ५३ वर्षांनी. हे वाचलं की मला अजूनही वाईट वाटतं.

कृष्णविवरात माणूस पडला तर त्याला काय वाटेल? काही ठिकाणी वाचलं की तो शेवयांसारखा ताणला जातो, काही ठिकाणी वाचलं की त्याला काहीच कळत नाही, आणि बाहेरच्याला तो पडताना दिसतच नाही. खरं काय? – तीन वाचकांचा मिळून प्रश्न

तिन्ही खरं आहे, फक्त कृष्णविवर कोणतं आणि बघतंय कोण त्यावर अवलंबून.

ताणलं जाणं आधी घेऊ. पाय आधी आत जातायत असं धरा, तर पाय डोक्यापेक्षा जवळ, म्हणून पायावरची ओढ डोक्यावरच्या ओढीपेक्षा जास्त. पृथ्वीवरही हा फरक असतो पण इतका सूक्ष्म की जाणवत नाही. सूर्याच्या १० पट वजनाचं कृष्णविवर असेल तर सीमेपर्यंत पोचायच्या आधीच हा फरक माणसाला फाडून टाकतो. पण आता गंमत बघा, कृष्णविवर जेवढं मोठं तेवढा त्याच्या सीमेवर हा फरक कमी! एम ८७ नावाच्या दीर्घिकेच्या (आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) मधोमध जे आहे ते सूर्याच्या सुमारे ६.५ अब्ज पट वजनाचं आहे, त्याची सीमा ओलांडताना शरीराला काहीही जाणवणार नाही, तिथे भिंत नाही, पडदा नाही, पाटी नाही. (आजूबाजूला फिरणारा तापलेला वायू आणि त्याचं प्रारण यांनी आधीच जीव जाईल, पण ते सध्या बाजूला ठेवू.) या सीमेला घटना क्षितिज म्हणतात आणि तिचा अर्थ एवढाच की इथून पुढे प्रकाशालाही परतीची वाट नाही.

माझ्या मते कृष्णविवराबद्दलची सगळ्यात विलक्षण गोष्ट ओढीची नाहीच, ती काळाची आहे. क्षितिजाच्या आत गेलं की केंद्र ही ‘तिकडची एक जागा’ उरत नाही, तो पुढे येणारा क्षण होतो. जसं आपण उद्याला चुकवू शकत नाही, डावीकडे वळून उद्या टाळता येत नाही, तसं आत गेलेल्याला केंद्र टाळता येत नाही, कुठल्याही दिशेला जोर लावला तरी. एम ८७ च्या कृष्णविवरात क्षितिज ओलांडल्यावर जास्तीत जास्त एखाद दिवस मिळेल, आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर जे ४० लाख सूर्यांच्या वजनाचं आहे तिथे जेमतेम मिनिटभर.

आणि बाहेर थांबलेल्या मित्राला काय दिसेल? पडणाऱ्याचं घड्याळ हळू हळू होत जाताना दिसेल, त्याच्याकडून येणारा प्रकाश तांबडा होत होत अंधुक होईल आणि मग दिसेनासा. ‘आत गेला’ हा क्षण बाहेरच्याला कधीच दिसत नाही. म्हणजे दोघांपैकी एकजण खोटं बोलतोय असं नाही हं, दोघांचे काळ वेगळे वाहतायत, आणि १९१५ च्या आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताचं सगळं सार यातच आहे.

कृष्णविवरातून प्रकाश येत नाही तर मग २०१९ साली त्याचा फोटो कसा काढला?

फोटो कृष्णविवराचा नाही, त्याच्या सावलीचा आहे. भोवतीच्या तापलेल्या वायूमधून जे रेडिओ तरंग येतात ते पकडले, मधला जो काळा भाग दिसतो तिथे प्रकाश गिळला गेलाय. नारिंगी रंग नंतर दिलेला, कारण १.३ मिलिमीटरच्या तरंगांना डोळ्यांना दिसेल असा रंग नसतो. जगभरच्या दुर्बिणींनी एप्रिल २०१७ मध्ये एकाच वेळी निरीक्षणं घेतली, माहिती इतकी प्रचंड होती की इंटरनेटवरून पाठवणं परवडणारं नव्हतं, हार्ड डिस्क विमानाने न्याव्या लागल्या. १० एप्रिल २०१९ ला एम ८७ चं चित्र आलं, १२ मे २०२२ ला आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरच्या कृष्णविवराचं.

महास्फोट झाला म्हणता तर तो झाला कुठे? आकाशात ती जागा दाखवता येईल का? आणि विश्व पसरतंय तर कशात पसरतंय? – निवृत्त शिक्षक, वय ७१

सर, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला आणि यालाच सगळ्यात जास्त जागा देतेय.

गोंधळ आपल्या शब्दात आहे. बिग बँग हे नाव दिलं फ्रेड हॉइल यांनी, १९४९ साली बीबीसीच्या रेडिओ कार्यक्रमात, आणि हॉइल तर या कल्पनेच्या विरोधातले! आपण ते मराठीत महास्फोट म्हणून आणलं आणि त्याच्याबरोबर चुकीचं चित्रही आणलं. स्फोट म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं, तर सगळीकडे काळीकुट्ट मोकळी जागा, मध्ये एक ठिपका, तो फुटतो आणि तुकडे बाहेर उडतात. असं काही झालंच नाही. मोकळी जागा आधीपासून नव्हती, जागाच पसरायला लागली.

घरात एक फुगा घ्या, थोडासा फुगवा, त्यावर पेनाने १०-१२ ठिपके काढा आणि मग हळूहळू फुगवत जा. मी हे कितीतरी वेळा मुलांसमोर केलंय आणि दरवेळी कोणीतरी न सांगता बोलतंच, की सगळेच ठिपके एकमेकांपासून लांब जातायत! कुठल्याही ठिपक्यावर बसून बघा, वाटेल की आपणच मध्यावर आहोत आणि बाकीचे आपल्यापासून पळतायत. आणि लांबचे ठिपके जास्त वेगाने पळताना दिसतील, कारण मध्ये ताणलं जाणारं रबर जास्त आहे. एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दीर्घिकांबद्दल नेमकं हेच मांडलं, जेवढी लांब तेवढी वेगाने दूर जाणारी, आणि त्याच्या दोन वर्षं आधी जॉर्ज लमेत्र नावाच्या बेल्जियन धर्मगुरूंनी हेच आइनस्टाइनच्या समीकरणांतून काढलं होतं.

आता मला सांगा, फुग्याच्या रबरावर प्रसरणाचा मध्य कुठल्या ठिपक्यापाशी आहे? कुठेच नाही, किंवा सगळीकडे आहे. म्हणून सर, तुम्ही बसलाय ती खुर्ची, मी लिहितेय ती जागा, एम ८७, सगळीकडेच महास्फोट झाला, आकाशात बोट दाखवायला वेगळी जागा नाही. मुलं मग विचारतात की फुग्याच्या आत तर मध्य आहे ना, हवा भरतो तिथे. इथे उदाहरण तोकडं पडतं हे प्रामाणिकपणे सांगावं लागतं, उदाहरणात विश्व म्हणजे फक्त रबराचा पृष्ठभाग, आतली हवा आणि बाहेरची खोली या गोष्टी विश्वात नाहीतच. आइनस्टाइनच्या समीकरणांना बाहेरची खोली लागत नाही. दोन दीर्घिकांमधलं अंतर वाढतंय एवढं म्हटलं की वर्णन पूर्ण होतं, ‘कशात’ हा प्रश्न आपल्या रोजच्या सवयीतून येतो कारण आपण बघितलेली प्रत्येक गोष्ट कशाच्या तरी आत असते.

यावरून अजून दोघांनी विचारलंय की मग आपणही फुगतोय का. नाही. शरीरातले अणू विद्युत बलाने बांधलेत, सूर्यमाला गुरुत्वाकर्षणाने, प्रसरण त्यांच्यापुढे काहीच नाही. फुग्यावर शाईचे ठिपके न काढता छोट्या टिकल्या चिकटवल्या तर त्या टिकल्या मोठ्या होत नाहीत, तसंच. आपली शेजारीण देवयानी दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षांवरची, ती तर उलट आपल्याकडे येतेय, सेकंदाला सुमारे ११० किमी वेगाने.

आणि वय १३.८ अब्ज वर्षं असून दिसणाऱ्या विश्वाची सीमा प्रत्येक दिशेला ४६ अब्ज प्रकाशवर्षांवर कशी? प्रकाश प्रवासात असताना मागची वाट ताणली गेली म्हणून. ज्या वस्तूकडून तो निघाला ती आता तेवढी लांब गेलीये.

हे सगळं कोणी बघितलंय? १३.८ अब्ज वर्षांपूर्वीचं कोणाला माहिती? शेवटी अंदाजच ना? – नाव छापू नका असं लिहिलेले वाचक

तुमचा सूर थोडा रागाचा आहे पण प्रश्न योग्य आहे, पुरावा मागायलाच हवा. आणि पुरावा आहे, तुम्ही हे वाचताय त्या खोलीत, अगदी तुमच्या ओंजळीत. सांगते.

१९६४ साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये होल्मडेल इथे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन हे दोघं एका मोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनावर काम करत होते. त्यात सारखी एक बारीक खरखर यायची. दिवसा यायची, रात्री यायची, अँटेना कुठेही वळवला तरी तेवढीच, उन्हाळा हिवाळा सारखीच. शहराचा गोंगाट म्हणावा तर शहराकडे तोंड केल्यावर वाढत नव्हती. कर्ण्यात कबुतरांच्या जोडीने घरटं केलं होतं आणि आतून पांढरा थर चढला होता, तर त्यांनी कबुतरं पकडून लांब नेऊन सोडली, ती परत आली, विष्ठा घासून घासून काढली, सांधे पट्टीने बंद केले. खरखर तशीच. डोळ्यांपुढे आणा जरा, दोन शिकलेसवरलेले शास्त्रज्ञ कर्ण्यात शिरून कबुतराची घाण काढतायत आणि तिकडे विश्वाचा सगळ्यात जुना प्रकाश त्यांच्या अंगावर पडतोय.

जवळच प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिकी आणि त्यांचे सहकारी नेमकी हीच गोष्ट शोधायला यंत्र बांधत होते. एका फोनवर उलगडा झाला. सुरुवातीला विश्व इतकं तापलेलं होतं की प्रकाशाला मोकळं फिरता येत नव्हतं, सुटे इलेक्ट्रॉन त्याला पदोपदी अडवायचे, दाट धुक्यासारखं. साधारण ३ लाख ८० हजार वर्षांनी तापमान ३००० केल्विनच्या (उणे २७३ सेल्सिअसला शून्य धरून मोजलेले अंश) आसपास उतरलं, अणू तयार झाले, धुकं निवळलं आणि प्रकाश सुटला. तो आजही प्रवासात आहे, फक्त विश्व तेव्हापासून सुमारे ११०० पट पसरल्यामुळे ताणून ताणून त्याचे मायक्रोवेव्ह झालेत, तापमान २.७ केल्विन. राल्फ अल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्येच ५ केल्विनचा आकडा दिला होता, तेव्हा फारसं कोणी लक्ष दिलं नाही. पेन्झियस आणि विल्सन यांना १९७८ चं नोबेल मिळालं. आणि लमेत्र यांना जून १९६६ मध्ये वारण्याच्या थोडं आधी ही बातमी कळली होती, हे मला फार बरं वाटतं.

ओंजळीचं म्हणाले ते असं की प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये या प्रकाशाचे सुमारे ४०० कण असतात, आत्ता, तुमच्या हातातसुद्धा. जुन्या अँटेनावाल्या टीव्हीवर चॅनल नसलं की मुंग्या दिसायच्या, आठवतंय? त्यातल्या शंभरातली साधारण एक मुंगी या प्रकाशाची असायची.

पुरावा एवढाच नाही. पहिल्या काही मिनिटांत जे अणुगर्भ शिजले त्यांचं गणित सांगतं की वजनाने साधारण पाऊण हिस्सा हायड्रोजन आणि पाव हिस्सा हीलियम हवा, आणि जुन्यात जुन्या वायूत मोजलं तर तेच प्रमाण निघतं. मग कोबे उपग्रहाने १९९२ मध्ये दाखवलं की हा प्रकाश सगळीकडे अगदी सारखा नाही, लाखात एक भाग इतका फरक आहे, त्याच फरकांतून पुढे दीर्घिका जमल्या. अंदाज म्हणून उडवून द्यावं असं हे राहिलेलं नाही.

महास्फोटाच्या आधी काय होतं? नारळीकर सर तर महास्फोट मानत नव्हते असं ऐकलंय, मग आपण का मानायचं? – पाच-सहा पत्रांतला सामायिक प्रश्न

आधी एक गोष्ट साफ करते. महास्फोट सिद्धांत हा ‘सुरुवात कशी झाली’ याचा सिद्धांत नाहीच! विश्व एकेकाळी खूप तापलेलं आणि खूप दाट होतं आणि तेव्हापासून पसरत थंड होत आलंय, एवढंच तो सांगतो, आणि ते पक्कं आहे. त्याच्या मागे, अगदी शून्य क्षणाला काय झालं, हे त्या सिद्धांताच्या हद्दीबाहेर आहे. शाळेच्या पुस्तकांत दोन्ही एकत्र कालवलं जातं आणि तिथून सगळे वाद.

हद्द कुठे संपते ते सांगते, आणि सुरुवातीला म्हटलेला शेजार तो हाच. अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये एक समीकरण दिलं, गुरुत्वाकर्षणामुळे वस्तूंच्या वाटा एकमेकींकडे कशा झुकत जातात याचं. त्याचा आधार घेऊन रॉजर पेनरोझ यांनी १९६५ मध्ये दाखवलं की तारा एका टप्प्याच्या पुढे कोसळला की वाटा कुठेतरी संपतातच, तिथे आइनस्टाइनचं गणित बंद पडतं. याला सिंग्युलॅरिटी म्हणतात. हॉकिंग यांनी तोच युक्तिवाद काळात उलटा फिरवला, कोसळणाऱ्या ताऱ्याऐवजी पसरणारं विश्व मागे मागे नेलं, आणि तिथेही वाटा संपल्या. १९७० मध्ये दोघांनी मिळून ते पक्कं केलं. म्हणजे कृष्णविवराचं केंद्र आणि विश्वाचा शून्य क्षण, दोन्हीकडे एकच पाटी, यापुढे रस्ता नाही. मला लोकांना कळकळीने सांगावंसं वाटतं की सिंग्युलॅरिटी म्हणजे अनंत घनतेचा एखादा ठिपका कुठे बसलाय असं समजू नका, ती आपल्या गणिताची सीमा आहे. त्या सीमेजवळ, म्हणजे दशांशचिन्हानंतर ४२ शून्यं आणि मग १ इतक्या सेकंदाच्या आसपास, गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम नियम, म्हणजे अणूंसारख्या अतिसूक्ष्म गोष्टींचे नियम, एकत्र लागतात आणि ते एकत्र करणारा पक्का सिद्धांत अजून हातात नाही.

तोपर्यंत काय काय मांडलं गेलंय, तर ॲलन गूथ यांनी १९८१ मध्ये इन्फ्लेशन मांडलं, सुरुवातीच्या अतिसूक्ष्म क्षणात विश्व प्रचंड वेगाने फुगलं, त्यामुळे सगळीकडे तापमान इतकं सारखं का याचं उत्तर मिळतं, आणि बहुतेक अभ्यासक आज याच बाजूचे आहेत. हार्टल आणि हॉकिंग यांनी १९८३ मध्ये म्हटलं की सुरुवातीला काळ हा काळासारखा वागतच नव्हता, अवकाशाच्या दिशेसारखा होता, म्हणून ‘आधी’ हा शब्दच लागू होत नाही, उत्तर ध्रुवाच्या उत्तरेला काय असं विचारण्यासारखं. अभय अष्टेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या गणितात तर सिंग्युलॅरिटी येतच नाही, आधीचं विश्व आकसत येतं, एका प्रचंड पण मर्यादित घनतेला पोचतं आणि चेंडूसारखं उसळून परत पसरायला लागतं, २००६ मध्ये त्यांनी हे सविस्तर दाखवलं. पेनरोझ म्हणतात की युगामागून युगं येतात, एका विश्वाचा थंडगार शेवट हीच पुढच्याची सुरुवात. माझा कल उसळीकडे आहे, कारण तिथे गणित बंद न पडता पलीकडे जातं, पण कल म्हणजे पुरावा नव्हे आणि यातलं काहीच अजून निरीक्षणाने सिद्ध झालेलं नाही.

आता नारळीकर सर. १९४८ मध्ये हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला, विश्व पसरतंय पण त्याला सुरुवात नाही, पसरताना नवं द्रव्य तयार होत राहतं आणि घनता तीच राहते. जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये हॉइल यांचे विद्यार्थी आणि मग सहकारी झाले. पेन्झियस आणि विल्सन यांना तो जुना मायक्रोवेव्ह प्रकाश सापडल्यावर मूळ सिद्धांत टिकला नाही, तेव्हा १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारित आवृत्ती दिली, त्यात छोटी छोटी निर्मितीची केंद्रं आणि आकसणं-पसरणं यांची आवर्तनं होती. निरीक्षणं त्यांच्या बाजूने गेली नाहीत, हे सरळ सांगायला हवं. पण सरांनी विरोध कधी भावनेने केला नाही, समीकरण लिहून केला, तपासता येईल असं भाकीत देऊन केला. म्हणून ‘नारळीकर मानत नव्हते म्हणून मीही मानत नाही’ असं ज्यांनी लिहिलंय त्यांना सांगते, हे त्यांना स्वतःलाच चाललं नसतं. त्यांचं म्हणणं तपासा, मगच कुठल्या बाजूला जायचं ते ठरवा.

आपण सगळे एखाद्या कृष्णविवराच्या आतच राहतोय असं एक व्हिडिओ सांगतो. खरं आहे का?

आकड्यांची एक जुळणी आहे खरी. कृष्णविवर मोठं होतं तशी त्याची सरासरी घनता झपाट्याने कमी होते, एम ८७ वाल्याची तर क्षितिजाच्या आतली सरासरी हवेपेक्षाही कमी भरते. असं वाढवत वाढवत दिसणाऱ्या विश्वाच्या मापापर्यंत गेलं तर लागणारी घनता आणि विश्वाची खरी घनता जवळपास जुळते. पण जुळणी म्हणजे ओळख पटली असं नाही. कृष्णविवरात सिंग्युलॅरिटी पुढे असते, भविष्यात, आपली मागे आहे, भूतकाळात. शिवाय कृष्णविवराला बाहेर असतं. काही गंभीर अभ्यासक या कल्पनेवर काम करतात, पण व्हिडिओत सांगतात तसं ते सिद्ध वगैरे झालेलं नाही.

दोन कृष्णविवरं आदळली तर आवाज येतो का? – इयत्ता सहावी

अवकाशात हवा नाही त्यामुळे आपण म्हणतो तसा आवाज नाही येत. पण अवकाश स्वतःच हलतं, तळ्यात दगड टाकल्यावर पाणी हलतं तसं, त्या लहरींना गुरुत्वीय लहरी म्हणतात. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोच्या दोन यंत्रांनी त्या पहिल्यांदा पकडल्या, आधी लिव्हिंग्स्टनच्या आणि ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डच्या. प्रत्येक यंत्राचा हात ४ किमी लांब आणि तो किती हलला, तर प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी कमी! सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वजनाची दोन कृष्णविवरं १.३ अब्ज प्रकाशवर्षांवर एकमेकांभोवती गरगरत आदळली, मिळून ६२ पटींचं एक झालं. ३६ आणि २९ किती होतात बघ बरं. जे ३ सूर्य कमी पडतायत त्यांची सगळी ऊर्जा त्या लहरींत गेली.

आणि तुझ्या प्रश्नातली मजा अशी की या लहरींची कंपनं सेकंदाला ३५ पासून २५० पर्यंत चढत गेली, म्हणजे स्पीकरला जोडली तर कानाला ऐकू येतात. मी ऐकलीये. खालच्या सुरातून झपकन वर चढणारा ‘हूऽप’ असा बारीक आवाज, सेकंदाचा पाचवा हिस्सा फक्त, मग शांत. शेवटी जो सूर विरत जातो ना, घंटेवर टोला दिल्यावर विरतो तसा, तो कृष्णविवरातून निघायला हवा हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच गणिताने दाखवलं होतं. तेव्हा कृष्णविवर खरंच असतं का याचीच खात्री नव्हती. ११ फेब्रुवारी २०१६ ला शोध जाहीर झाला आणि घंटेचा तो विरता सूर आलेखात दिसला, तेव्हा ते ७७ वर्षांचे होते.